एक दिवसाचा खाडा पडला तर काय बिघडेल?

पत्राचा सारांश : नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातल्या ६२ वर्षांच्या एका गृहस्थांचं हे पत्र. अंबडच्या कारखान्यात उभी हयात पाळीची नोकरी करून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिले काही महिने टीव्हीसमोर गेले, वजन वाढलं, साखर काठावर आली. मग चालणं सुरू झालं, त्यातून धावणं. दोन अर्धमॅरेथॉन त्यांनी साधारण अडीच तासांत पूर्ण केल्या आणि आता जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी, पूर्ण अंतरासाठी म्हणजे ४२ किलोमीटरसाठी, नाव नोंदवलं आहे. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून त्यांनी एकही दिवस धावणं चुकवलेलं नाही. रोज पहाटे दहा किलोमीटर सदुसष्ट-अडुसष्ट मिनिटांत, रविवारी अठरा-वीस किलोमीटर, तेही ग्रुपमधल्या तिशी-पस्तिशीच्या मुलांबरोबर. जुलैपासून डावी टाच दुखते आहे. रविवारी निघताना ते दुखण्याची गोळी घेतात. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे. पत्नीचा धावण्याला विरोध आहे, मुलगा पुण्याहून "आधी तपासण्या करा" म्हणतो. ते विचारतात : "नोकरीत कधी खाडा केला नाही, इथे कसा करू? एक दिवस सुटला की सगळंच सुटेल अशी धास्ती वाटते. कविता राऊतच्या जिल्ह्यातली माणसं आपण, एका टाचेपायी थांबायचं का? रोजचं धावणं चालू ठेवू, की मॅरेथॉनचा नादच सोडू?"

नमस्कार.

तुम्ही माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवलेत : रोज धावायचं, नाहीतर मॅरेथॉन सोडायची. या दोहोंच्या मध्ये भरपूर जागा आहे आणि तुमचं उत्तर मला तिथेच दिसतं. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका आकड्याकडे बघू, कारण तो तुमच्याही नजरेतून निसटला असावा.

अडीच तासांत २१ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साधारण सात मिनिटं. हा तुमचा शर्यतीचा वेग. त्या दिवशी तुम्ही जीव लावून धावला असणार. आणि रोज सकाळी दहा किलोमीटर सदुसष्ट मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला पावणेसात मिनिटांच्याही आत. अडीच तासांत अर्धमॅरेथॉन धावणारा माणूस दहा किलोमीटरच्या स्पर्धेत उतरला, तर साधारण याच वेळेत पोचेल. म्हणजे तुम्ही रोज सराव करत नाही, रोज एक शर्यत धावता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, पावसात, सणाला, टाच दुखत असताना, आणि रविवारी त्याच्या दुप्पट. आठवड्याला पाऊणशेहून जास्त किलोमीटर होतात, आणि त्यात एकही किलोमीटर सावकाश नाही.

असं का होतं तेही पत्रातच आहे. बरोबरची मुलं पस्तिशीची आहेत. त्यांचा रमतगमतचा वेग तुमचा दमछाकीचा वेग आहे. ती गप्पा मारत धावतात, तुम्ही ऐकत धावता. मला खात्री आहे की त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायला तुमच्यापाशी श्वास उरत नसेल. "काका, तुम्ही आमची प्रेरणा आहात" असं ती म्हणतात, तेव्हा छान वाटतंच. पण ते कौतुक तुम्हाला मागे राहू देत नाही. त्यांना सरळ सांगा : "पोरांनो, तुम्ही व्हा पुढे, मी माझ्या गतीने येतो." ती समजून घेतील. शेवटी चहाला सगळे एकत्र असालच.

आता टाच. तुम्ही लिहिलंय की सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पाच-सात पावलं भिंतीला धरून टाकावी लागतात, मग मोकळं होतं, धावताना तर जाणवतही नाही, आणि संध्याकाळी पुन्हा ठणकतं. टाचेच्या हाडापासून बोटांकडे तळव्यातून एक जाड पट्टा जातो, त्यावर ताण साचला की दुखण्याची तऱ्हा अशीच असते. 'प्लान्टर फॅसायटिस' म्हणतात त्याला. नक्की निदान अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट हाताने तपासून करतील. या वयात हाडाला बारीक चीर पडलेली नाही ना, हेही बघून घ्यावं लागतं. धावताना दुखत नाही म्हणजे ते बरं झालं असं धरू नका. अंग गरम झालं की ते तात्पुरतं गप्प बसतं, एवढंच. हे दुखणं जायला महिने लागतात, आणि रोज त्यावर दहा किलोमीटर लादले तर ते जातच नाही.

घरात फरशीवर अनवाणी चालणं आजपासून बंद करा, मऊ तळाची चप्पल पलंगाशेजारीच ठेवा. दुसरा उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याचा गुण येतो. जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, कठडा धरायचा आणि टाचा सावकाश वर न्यायच्या, क्षणभर थांबायचं, तितक्याच सावकाश खाली आणायच्या. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद. दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी दुखऱ्या एका पायावर. पांडवलेणीच्या पायऱ्यांचा सराव तूर्त नको. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्याऐवजी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर धावा. बुटांचे तळ झिजले असतील तर नवे घ्या, आणि ते अंतर कमी असलेल्या दिवशी वापरून रुळवा.

रविवारच्या गोळीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करू शकतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात घामाने शरीरातलं पाणी घटलेलं असतं, तेव्हा मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, आणि त्यात रक्तदाबाची गोळी. हे तिन्ही एका सकाळी एकत्र आणणं धोक्याचं आहे. शिवाय ती गोळी घेऊन तुम्ही टाचेचा एकमेव इशारा बंद करता. गोळीशिवाय धावता येत नसेल, तर त्या दिवशी धावायचं नाही. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

आता 'रोज'बद्दल बोलू. रोज धावून पाय बळकट होतात असं आपण धरून चालतो. खरं तर धावताना स्नायूंची झीज होते, त्यांतला साखरेचा साठा रिकामा होतो. बळ येतं ते नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत, दुरुस्ती होताना. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही : एका पाण्यानंतर जमीन वाफशावर यायच्या आत दुसरं पाणी सोडत राहिलं, तर मुळ्या गुदमरतात. पंचविशीत ही दुरुस्ती एका रात्रीत उरकते. साठीनंतर स्नायूंचं वस्तुमान हळूहळू घटत असतं, स्नायूबंधांची लवचीकता कमी झालेली असते, त्याच दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागू शकतात. तुमच्या इच्छाशक्तीत काही कमी नाही. शरीराचं वेळापत्रक बदललं आहे, आणि ते मनाच्या जोरावर मागे नेता येत नाही.

कविता राऊत यांचा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगते. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली धावत होत्या. त्यांचा अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे. पण त्यांच्याकडून घ्यायचंच असेल, तर कुणाच्या तरी सल्ल्याने, आखून सराव करणं घ्या.

रोज धावणाऱ्यांची थोर उदाहरणं आहेत, ती मी झाकून ठेवणार नाही. १९७० ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे इंग्लंडचे रॉन हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, बावन्न वर्षं, एकही दिवस न चुकवता धावले. पण दिवस मोजायचा त्यांचा नियम होता किमान एक मैलाचा. अडचणीच्या दिवशी दीड-पावणेदोन किलोमीटर कसेबसे झाले तरी तो दिवस धरला जायचा. ही साखळी थांबली ती धावताना छातीत दुखू लागलं म्हणून. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते, आणि थांबायचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. दुसरे कॅनडाचे एड व्हिटलॉक. २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, त्यांनी टोरंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. घराजवळच्या दफनभूमीत ते तासन्‌तास फेऱ्या मारत, एकटे, अगदी संथ. शर्यतीचा वेग शर्यतीसाठी राखून ठेवत. आणि गुडघ्याने तक्रार केली की महिनोन्‌महिने धावणं बंद ठेवत. त्यांच्या रोजच्या धावण्यात आणि तुमच्या रोजच्या धावण्यात हा फरक आहे.

तुमची खरी भीती धावण्याविषयीची नाही, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. "एक दिवस सुटला की सगळंच सुटेल" हे वाक्य टीव्हीसमोर गेलेल्या त्या महिन्यांतून आलं आहे. पाळीचा भोंगा, बस, हजेरी हे सगळं एका दिवसात थांबलं आणि समोर रिकामा दिवस उभा राहिला, त्याची धास्ती तुम्हाला अजून आहे. धावण्याने त्या दिवसाला पुन्हा वेळापत्रक दिलं. हे फार मोलाचं आहे आणि ते जाऊ देऊ नका. पण ते वेळापत्रक पहाटेच्या वेळेचं आहे, दहा किलोमीटरचं नाही. म्हणून वेळ तीच ठेवा. पाचला उठा, बूट घाला, बाहेर पडा. ज्या दिवशी धावायचं नाही त्या दिवशी गोदापार्कवर सावकाश चाला, किंवा घरीच टाचांचा आणि कंबरेचा व्यायाम करा, किंवा सावरकर तरणतलावावर जा. वहीत हजेरी लावायचीच असेल, तर त्या दिवसाचीही लावा. विश्रांतीच्या दिवशी विश्रांती घेतली म्हणजे त्या दिवसाचं काम पूर्ण झालं.

आठवड्याची आखणी मी अशी करेन. आठवड्यातून चार दिवस धावणं, जास्त नाही. त्यातले दोन दिवस सात-आठ किलोमीटर, किलोमीटरला आठ ते साडेआठ मिनिटांच्या गतीने. बाजूच्याला कालच्या मॅचचा वृत्तान्त न धापता सांगता आला पाहिजे, ही या गतीची खूण. सुरुवातीला हे इतकं संथ वाटेल की लाज वाटेल. तरी तसंच धावा. एक दिवस थोडा वेग : मध्ये चार-पाच वेळा दोन-तीन मिनिटं जोरात, मध्यंतरी चालणं, पण हा दिवस टाच शांत झाल्यावरच सुरू करायचा. चौथा दिवस लांब पल्ल्याचा, आणि तो दर रविवारी नको, एक रविवार सोडून. मधल्या रविवारी बारा किलोमीटर पुरेत. दोन दिवस ताकदीचे व्यायाम, सायकल किंवा पोहणं, आणि एक दिवस फक्त फेरफटका. एकूण अंतर आधी चाळीसच्या आसपास उतरवा, मग टाच परवानगी देईल तसं थोडं थोडं वाढवा.

लांब पल्ल्यात किलोमीटरपेक्षा घड्याळ बघा. साडेतीन तास झाले की थांबायचं, मग अंतर २५ भरो की २७. त्यापुढे सरावातून मिळतं थोडं आणि दुरुस्तीला लागतात आठवडे. त्यात धावणं आणि चालणं आलटून पालटून ठेवा, चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला. ही पद्धत जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केली, आणि ते १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून दहा हजार मीटर धावले होते. तेव्हा यात कमीपणा वाटून घेऊ नका. पाय थकल्यावर नाइलाजाने चालणं वेगळं. पहिल्या मिनिटापासून ठरवून चाललं, तर शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पाय शिल्लक राहतात. मुंबईत त्यांची गरज पडेल. परतीच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. आणि हवा : डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट कोरडी, कडाक्याची थंड असते. मुंबई समुद्रकाठची, दमट. तिथे घाम वाळत नाही आणि इथला आरामाचा वेगसुद्धा तिथे जड जातो.

पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी शर्यतीच्या वाटेवरल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले, तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि सावकाश, पाच-साडेपाच तास धावणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ बाहेर टाकतात, तुमची तशी आहे का ते विचारून घ्या. खाण्यात प्रथिनं वाढवा. तुमच्या वयात आणि एवढ्या व्यायामात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५-८० ग्रॅम. नुसत्या वरणभातातून ते भरत नाही. दही, पनीर, उसळी, अंडी चालत असतील तर अंडी, हे प्रत्येक जेवणात हवं. आणि लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी उपवास नको, चातुर्मास असला तरी.

आता तुमच्या घरातल्या विरोधाविषयी. तुम्ही लिहिलंय, "ती रोज माझ्याबरोबर उठते, गॅलरीत बसून राहते, मी आलो की न बोलता चहा टाकते." मला यात विरोध दिसत नाही. अंधारात गंगापूर रोडवरून ट्रक जातात, भटकी कुत्री असतात, माणूस ६२ वर्षांचा आहे, रक्तदाब आहे, आणि तो गोळी घेऊन निघतो हे तिने पाहिलं आहे. ती तासभर त्या रस्त्याकडे बघत बसते. तुम्ही तिला कधी विचारलंय का, की नेमकी कशाची भीती वाटते? धावण्याची, रस्त्याची, की तुमच्या हृदयाची? उत्तरावर उपाय वेगवेगळे आहेत. रस्त्याची असेल तर उजाडल्यावर ट्रॅकवर धावता येतं. रस्त्यावर उतरलात तर चमकणारं जॅकेट घालून, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. फोन जवळ ठेवा आणि तुम्ही कुठे आहात ते तिच्या फोनवर दिसू द्या. खिशात नाव, रक्तगट, गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. हृदयाची भीती असेल, तर डॉक्टरांकडे तिला बरोबर न्या आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. चालण्याच्या दिवशी तिला "येतेस का?" असंही विचारून बघा. नाही म्हणाली तर आग्रह नको, तिची पहाट तिची आहे.

राहिला जानेवारीचा प्रश्न. तीन मार्ग आहेत. पूर्ण मॅरेथॉन याच वर्षी. या वर्षी अर्धी आणि पूर्ण पुढच्या वर्षी. किंवा पूर्ण अंतराचा विचारच बाजूला ठेवून २१ किलोमीटर आनंदाने धावत राहणं. तिसरा मार्ग हलका समजू नका. आरोग्यासाठी जे मिळायचं ते अर्धमॅरेथॉनच्या सरावात मिळून जातं, ४२ किलोमीटर हा त्यापलीकडचा, मनाचा हट्ट आहे. हट्ट करावा, मला तो आवडतो, पण तो करायचा की नाही हे ग्रुपने ठरवू नये. माझा स्वतःचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. फौजा सिंग पहिली मॅरेथॉन धावले २००० साली लंडनमध्ये, तेव्हा ते ८९ वर्षांचे मानले जात. ६२ आणि ६३ मध्ये काही हरवत नाही. तरी आजच नकार देऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेळ घ्या. तोवर सकाळची पहिली पावलं भिंतीशिवाय पडायला लागली आणि तीन तासांचं सावकाश धावणं गोळीविना जमलं, तर या जानेवारीत जा. तेव्हाही पाय तसाच असेल, तर नोंदणीचे पैसे गेले म्हणून धावू नका. ते पैसे धावलं तरी परत येणार नाहीत.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा "थोडा व्यायाम करतो" असं सांगू नका. "४२ किलोमीटर, साडेपाच तास, आठवड्याला इतके किलोमीटर" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्या हिशेबाने तपासतील. ईसीजी, ट्रेडमिलवरची चाचणी, गरज वाटली तर आणखी काही, हे ते ठरवतील. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. ट्रेडमिल चाचणी चांगली आली म्हणजे पुढची काळजी मिटली असं नाही : धावताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण वाटलं, चक्कर आली, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर त्याच जागी थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघून धावत असाल, तर रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुळातच कमी ठेवतात, मग तो आकडा फसवतो. म्हणून जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रविवारची दुखण्याचीसुद्धा.